फळीच्या कडेवर राउटर डुलू नये म्हणून

पुस्तकांच्या कपाटाची सागाची फळी होती. हातात ट्रिमर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकडाची कड घडवणाऱ्या राउटर या विजेच्या मशीनचा छोटा प्रकार. पाच फुटांची कड, तिला सहा मिलिमीटरची गोलाई मारत आणलेली, आणि शेवटची चार बोटं उरलेली. तेवढ्यात वायर कुठेतरी अडकली. ती सोडवायला मी डावा हात काढला आणि उजव्या हातातला ट्रिमर बाहेरच्या अंगाला किंचित कलला. आवाज क्षणभर जड झाला, बस. मशीन बंद करून पाहिलं तर कडेवर अंगठ्याच्या नखाएवढा खळगा. बाकीची सगळी कड आरशासारखी, आणि नजर जाते ती नेमकी त्या खळग्यावर.

मशीन मी ढिलं धरलं नव्हतं, उलट गच्च धरलं होतं. नव्याने राउटर हातात घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा हाच समज असतो की घट्ट पकड म्हणजे स्थिरता. कडेवर ते खरं नाही. तिथे मशीनचा सपाट तळ, म्हणजे बेस, किती टेकलाय आणि वजन कुठल्या बाजूला पडतंय यावर सगळं ठरतं. ही एक गोष्ट हाताला कळली की पुढचं बरंचसं आपोआप जमतं.

राउटर का कलतो

फळीच्या मधोमध राउटर चालवताना बेस चारही बाजूंनी लाकडावर टेकलेला असतो. कडेवर गेलात की निम्मा बेस हवेत. कोपऱ्यावर तर फक्त चतकोर लाकडावर, बाकी सगळा बाहेर. ट्रिमरचं वजन दीड-दोन किलो असतं, अर्धा इंच कोलेटच्या, म्हणजे पात्याचा दांडा आवळून धरणाऱ्या पकडीच्या, मोठ्या राउटरचं पाच-सहा किलो. त्यात बाहेरच्या हँडलवर तुमचा हात. हे सगळं त्या हवेतल्या बाजूला ओढत असतं.

ट्रिमरचा बेस साधारण ९० मिलिमीटर रुंद, म्हणजे कडेवर त्याचा ४५ मिलिमीटर भाग बाहेर. बाहेरची बाजू दीड मिलिमीटर खाली गेली की मशीन दोन अंश कललं. डोळ्यांना हे दिसतसुद्धा नाही. पण वर बेअरिंग (कडेला टेकून धावणारं छोटं चाक) असलेलं बिट, म्हणजे फिरणारं पातं, लावून टेम्प्लेटवरून (आकाराच्या नमुन्यावरून) १८ मिलिमीटरचं प्लाय कापत असाल, तर तेच दोन अंश खालच्या कडेला सहा दशांश मिलिमीटर आत शिरतात. सनमायका ०.८ किंवा १ मिलिमीटरचा असतो, त्याच्याशी ताडून पाहा. शिवाय गोलाई मारताना मागे पडलेली कड घासून खाली गेलेली असते, त्यामुळे बेसला टेकायला होती त्याहून कमी जागा उरते. फळीच्या शेवटी शेवटी राउटर जास्त डुलतो त्याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत आपलं अंग ताणलेलं असतं.

प्लग काढूनच तयारी

बिट बदलताना प्लग सॉकेटमधून काढलेला हवा. नुसतं बटण बंद असून भागत नाही. प्लग स्वतःच्या नजरेसमोर ठेवा.

आपल्याकडे बाजारात एक घोळ हमखास होतो. काही ट्रिमरचं कोलेट ६ मिलिमीटरचं असतं, आणि दुकानात मिळणारी बरीच बिटं पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची. सहाच्या कोलेटमध्ये पाव इंची दांडा ठोकून बसवू नका. आणि पाव इंची कोलेटमध्ये सहाचा दांडा आवळून चालवणं तर त्याहून वाईट, कारण तो घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चालत्या कामात हळूहळू खाली सरकतो. बिट विकत घेताना दुकानात व्हर्निअर मागून दांडा मोजा. दांडा कोलेटमध्ये तळापर्यंत घालायचा, मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढायचा आणि पान्याने आवळायचा. बेअरिंग बोटाने फिरवून पाहा. ते सहज फिरायला हवं. अडकलेलं बेअरिंग कड जाळतं.

फळी टेबलाला दोन क्लॅम्पने बांधा. न घसरणाऱ्या रबरी चटईवर भरवसा ठेवू नका, निदान शिकत असताना तरी. क्लॅम्प कडेच्या वाटेत येणार नाहीत अशा जागी लावायचे, आणि खाली बेअरिंगला जागा राहावी म्हणून फळी टेबलाच्या बाहेर थोडी काढायची किंवा तिच्याखाली प्लायच्या पट्ट्या द्यायच्या. कामाची उंची कमरेच्या थोडी वर आणि कोपराच्या खाली असावी. जमिनीवर उकिडवं बसून कडेवर राउटर मारणारे खूप आहेत. मुरलेल्या मिस्त्रींना ते जमतं, पण नवशिक्याचं वजन त्या बैठकीत नेहमी पुढे, म्हणजे फळीच्या बाहेर पडतं.

बेसचा तळ कोरड्या फडक्याने पुसून त्यावर मेणबत्तीचं मेण चोळा आणि पुन्हा पुसा. फेविकॉलचा वाळलेला एखादा थेंब किंवा भुशाचा कण तळाला चिकटलेला असला तरी बेस अडखळतो, आणि अडखळला की कलतो. फळीच्या पृष्ठभागालाही हेच लागू.

वायर खांद्यावरून मागे घ्या. माझी फळी कशाने गेली ते वर सांगितलंच आहे.

मशीन सुरू करण्याआधी एकदा ते बंद ठेवून सगळ्या कडेवरून नेऊन बघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाय कुठे अडतात, कुठल्या क्लॅम्पला हँडल लागतं, कुठे हात पुरत नाही, सगळं त्या एका फेरीत कळतं. हात पुरत नसेल तर पाय हलवायचे. लांब फळीवर बाजूला एकेक पाऊल सरकत जायचं, म्हणजे अंग राउटरबरोबर चालतं.

आतला हात दाबतो, बाहेरचा फक्त नेतो

दोन हँडलचा राउटर असेल तर तो असा फिरवून धरा की एक हँडल फळीच्या वर आणि दुसरं बाहेर येईल. दोन्ही हँडल कडेला समांतर ठेवली तर फळीवर दाब द्यायला हातच उरत नाही. अंग थोडं तिरकं ठेवून उभं राहा. फळीवरच्या हँडलवर डावा हात, आणि तो सरळ खाली दाबायचा. बाहेरच्या हँडलवरचा उजवा हात फक्त पुढे नेण्यापुरता. बाहेरच्या हाताने खाली दाबलंत की राउटर कललाच म्हणून समजा. मी शिकवताना सांगतो की बाहेरच्या हाताची बोटं सैल ठेवा, इतकी सैल की त्या हाताला थकवा येणार नाही. काम संपल्यावर जर बाहेरचा हात दुखत असेल आणि आतला नसेल, तर वजन उलट्या बाजूला पडत होतं.

ट्रिमर एका हातात मावतो म्हणून तो एकाच हाताने चालवायचा मोह होतो. सनमायका लावणारे मिस्त्री तसा सर्रकन फिरवतात. पण त्यांच्या हाताकडे नीट बघा. पकड वर मोटरवर नसते, खाली बेसच्या जवळ असते, आणि तळहाताची कड फळीवर टेकून घसरत असते. म्हणजे त्यांचा हातच बेसचं काम करतो. हे वर्षानुवर्षांचं कसब आहे. तुम्ही सुरुवातीला दोन्ही हात लावा: एक मोटरच्या खालच्या भागावर, दुसरा बेसच्या आतल्या बाजूवर, बोटं बिटापासून लांब. ९० मिलिमीटरच्या बेसवर बोटांना फारशी जागा नसते, म्हणूनच पुढचा उपाय.

लांब बेस घरीच बनवा

कडेवरच्या कामासाठी मला एकच उपाय सांगायला सांगितला तर मी हाच सांगेन. मूळ गोल किंवा चौकोनी बेसच्या जागी एका बाजूला लांब वाढवलेला बेस लावायचा आणि त्या लांब टोकाला मूठ बसवायची. मूठ कायम फळीच्या आत राहते. कडेपासून २०० मिलिमीटर आत एक हात टेकवून ठेवला की बाहेर लोंबणारं वजन उचलून धरायला फार थोडा जोर पुरतो. लहानपणी सी-सॉवर खेळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

साहित्य अगदी साधं. ६ मिलिमीटर जाड अॅक्रिलिकचा साधारण ३०० बाय ११५ मिलिमीटरचा तुकडा. नावाच्या पाट्या बनवणाऱ्या दुकानात असे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. अॅक्रिलिक पारदर्शक असल्यामुळे बिटाजवळ काय चाललंय ते दिसतं. ते नसेल तर चांगलं ९ मिलिमीटरचं प्लाय चालेल, पण बेस जितका जाड तितकं बिट कमी बाहेर येणार हे लक्षात ठेवा.

ट्रिमरचा मूळ तळ स्क्रू काढून सोडवा. तो दुहेरी टेपने अॅक्रिलिकच्या एका टोकाला चिकटवा, असा की बिटाच्या भोकाचा मध्य त्या टोकापासून साधारण ५५ मिलिमीटरवर येईल. स्क्रूची भोकं आणि मधलं भोक टोकदार खिळ्याने आखून घ्या. अॅक्रिलिकखाली लाकडाचा तुकडा दाबून बांधा आणि ड्रिल कमी वेगावर चालवा. घाई केली तर अॅक्रिलिक वितळून ड्रिलला चिकटतं किंवा भोकाच्या तोंडाशी तडकतं. स्क्रूची डोकी पूर्ण बुडतील एवढी वाटी काढा. डोकं केसभर वर राहिलं तरी ते फळीवर ओरखडा काढत जाईल, आणि तो पॉलिशनंतर जास्तच दिसेल. मधलं भोक तुमच्या सगळ्यात मोठ्या बिटापेक्षा चार-पाच मिलिमीटर मोठं, त्याहून जास्त नको, नाहीतर कडेवर टेकायची जागा पुन्हा कमी होईल. दुसऱ्या टोकाला ड्रॉवरची जुनी लाकडी मूठ खालून स्क्रू घालून बसवा. सगळ्या कडा पॉलिश पेपरने गोल करा.

नवा तळ मूळ तळापेक्षा जाड असेल तर जुने स्क्रू आखूड पडतात. लांब घेताना एकेक लावून बघा. स्क्रू आत टेकला आणि तळ मात्र हलतोय असं होता कामा नये. बेअरिंगच्या बिटांसाठी मधलं भोक अगदी केंद्रात नसलं तरी बिघडत नाही, कारण अंतर बेअरिंग ठरवतं. गाइड बुश (बेसला लावायची, टेम्प्लेटच्या कडेने धावणारी कडी) वापरणार असाल तर मात्र केंद्र अचूक हवं.

वापरताना मूठ कडेशी काटकोनात आत ठेवायची आणि कोपरा येईपर्यंत ती तशीच राखायची.

बाहेरच्या बाजूला टेकू

बेस वाढवला नसेल, किंवा वाढवूनही भरवसा वाटत नसेल, तर फळीच्या शेजारी त्याच जाडीची दुसरी फळी बांधा. एकाच प्लायच्या शीटमधून दोन्ही तुकडे कापले की जाडी तंतोतंत जुळते. एक सांभाळा: दोघांमधली फट बिटापेक्षा चांगली रुंद हवी. बिट एकाच वेळी दोन्ही लाकडांना लागलं तर राउटर हातातून हिसका घेतो. १२ मिलिमीटरच्या बिटाला २५ मिलिमीटर फट ठेवली तर बेसची बाहेरची बाजू पलीकडे टेकते आणि भुसा पडायलाही वाट राहते.

उभ्या फळीच्या अरुंद कडेत खोबण काढायची असेल तर हा टेकू हवाच. १८ मिलिमीटरच्या कडेवर ९० मिलिमीटरचा बेस तोलणं म्हणजे कुंपणाच्या भिंतीवरून सायकल चालवणं. फळीच्या दोन्ही अंगांना दोन सरळ, जाडसर लाकडं वरच्या कडेशी एकसपाट बांधा. बोट फिरवून पाहा, कुठेही पायरी लागता कामा नये. मग बेसला शंभरेक मिलिमीटरची पाट मिळते आणि बाजूच्या गाइडला धावायला सरळ कडही मिळते. चार-पाच सारख्या फळ्यांना खोबण काढायची असेल तर त्या सगळ्या एकत्र आवळून त्यांचीच पाट करा.

कुठल्या दिशेने न्यायचं

वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. फळी तुमच्यासमोर आहे आणि तुम्ही तुमच्या जवळच्या कडेवर काम करताय असं समजा. बिटाची लाकडात रुतलेली बाजू तुमच्यापासून लांबची, आणि तिथे पाती डावीकडून उजवीकडे पळते. लाकूड राउटरला उलट, डावीकडे ढकलतं. म्हणून राउटर उजवीकडे न्यायचा, त्या ढकलण्याच्या विरुद्ध. असं नेलं की बिट स्वतःहून फळीकडे ओढलं जातं आणि बेअरिंग कडेला चिकटून राहतं. सगळ्या फळीभोवती फिरायचं तर घड्याळाच्या उलट दिशेने. फळीच्या आत कापलेल्या खिडकीत मात्र घड्याळाच्या दिशेने.

उलट नेलंत तर बिट चाकासारखं लाकडावर चढून पळायला बघतं. सहा मिलिमीटरच्या छोट्या गोलाईत तो धक्का सावरता येतो, मोठ्या बिटात नाही. अनुभवी लोक ढलपी उडू नये म्हणून कधीकधी मुद्दाम अगदी हलका उलटा हात मारतात. ते पाहिलंत तरी पहिले काही महिने तुम्ही मारू नका.

थोडं थोडं कापा

एकाच फेरीत पूर्ण गोलाई काढायचा हट्ट केला की मशीन थरथरतं, आणि थरथरणारं मशीन कडेवर टिकत नाही. ट्रिमरवर एका वेळी दोन-तीन मिलिमीटर पुरे. सहाची गोलाई दोन-तीन फेऱ्यांत, बाराची चार-पाच फेऱ्यांत, आणि शेवटची फेरी अर्ध्या मिलिमीटरची, एका दमात, मध्ये न थांबता. थांबलात तिथे काळा डाग पडतो. कठीण लाकडावर तो पॉलिश पेपरने काढता काढता गोलाईच बिघडते.

वेगाचंही बघा. ट्रिमर मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत जातो. २५ मिलिमीटरच्या बिटाची पाती त्या वेगाला ताशी सुमारे १४० किलोमीटरने धावते. छोट्या बिटांना हा वेग ठीक, मोठ्यांना कमी करायला हवा. २५ मिलिमीटरच्या वरची बिटं १८,००० च्या आसपास चालवा. त्याहूनही मोठी बिटं ट्रिमरला लावूच नयेत, त्यांची जागा मोठ्या राउटरमध्ये.

कान उघडे ठेवा. चांगल्या कापाचा आवाज एकसारखा, किंचित वरच्या पट्टीतला असतो. आवाज खाली उतरला तर तुम्ही जोरात रेटताय. आवाज तीक्ष्ण होऊन जळका वास आला तर फार हळू नेताय किंवा बिट बोथट झालंय. प्लायमधला गोंद बिटाची धार साध्या लाकडापेक्षा लवकर खातो.

सुरुवात, कोपरा, शेवट

जास्तीत जास्त खळगे मशीन लाकडात शिरताना किंवा बाहेर येताना पडतात. म्हणून क्रम ठरलेला असू द्या. बेस आधी फळीवर पूर्ण टेकवायचा, बिट कडेपासून बोटभर लांब. मग मशीन सुरू करायचं, पूर्ण वेग येऊ द्यायचा, आणि मगच बिट कडेला भिडवायचं. सुरुवात अगदी कोपऱ्यावरून न करता कोपऱ्याच्या दोन-तीन बोटं आत करा. कोपऱ्याचा तो तुकडा चारी बाजू फिरून परत आलात की पूर्ण होतो.

चारही कडांना गोलाई मारायची असेल तर आधी आखूड बाजू घ्या, जिथे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात. तिथे शेवटच्या टोकाला ढलपी उडायची शक्यता सगळ्यात जास्त. नंतर लांब बाजू मारली की उडालेली जागा बहुतेक वेळा त्यातच निघून जाते. एकच आखूड बाजू करायची असेल तर तिच्या शेवटच्या टोकाला त्याच जाडीचा भंगार ठोकळा घट्ट चिकटवून क्लॅम्प करा. ढलपी उडालीच तर ती ठोकळ्याची उडेल, आणि कोपऱ्यावर बेसला टेकायला चतकोराऐवजी निम्मी जागा मिळेल.

शेवटी बिट कडेपासून बाहेर घ्या, बटण बंद करा, आणि बेस फळीवर तसाच दाबून धरा. बिट थांबेपर्यंत उचलायचं नाही. काम झालं म्हणून हात सैल पडतात आणि अजून फिरणारं बिट कडेला टेकतं. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या फळ्यांवर मी हा शेवटचा डंख खूप वेळा पाहिला आहे, आणि नेहमी अगदी सुंदर मारलेल्या कडेवर.

हाताच्या पंजापेक्षा लहान तुकड्यावर हातातला राउटर चालवूच नका. मोठ्या फळीच्या कडेला गोलाई मारून घ्या आणि मग त्यातून तो तुकडा कापा. प्लायच्या कडेला सागाची बीडिंग, म्हणजे पातळ पट्टी, लावत असाल तर तीही आधी चिकटवून पूर्ण वाळू द्या, मग गोल करा.

चष्मा आणि कानाचे बोळे लागतातच. मास्क तर लावाच, कारण लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे, आणि राउटरचा भुसा फार बारीक असतो. हातमोजे मात्र घालू नका. ओढणी, सैल बाही, मोकळे केस बांधून ठेवा.

खळगा पडलाच तर

पोटीन भरून लपवायची घाई करू नका. सागावर पोटीनचा ठिपका कायम वेगळा दिसतो. गोलाईत पडलेला उथळ खळगा असेल तर एक माप मोठं बिट लावा: सहाची गोलाई बिघडली तर नऊची मारा, बहुतेक वेळा खळगा त्यात पूर्ण जातो. पण खळगा बेअरिंग धावते त्या सरळ भागावरही पडलेला असेल तर बेअरिंग पुन्हा त्यातच उतरेल आणि नवी गोलाईही तिथेच दबेल. अशा वेळी आधी रंध्याने सगळी कड मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली घ्या, गुण्या लावून काटकोन तपासा, आणि मग पुन्हा सुरुवातीपासून. कपाटाच्या त्या फळीचं मी हेच केलं. दीड मिलिमीटर अरुंद झाली, पण बसली.

खऱ्या फळीला हात लावण्याआधी प्लायचा दोनेक फुटांचा उरलेला तुकडा घ्या. त्याच्या कडेवर दर दोन बोटांवर पेन्सिलने आडव्या रेघा ओढा आणि फक्त एक मिलिमीटरची गोलाई मारा. रेघांची टोकं सगळीकडे सारखीच खोडली गेली तर बेस सपाट राहिला. कुठे जास्त गेली, कुठे कमी, तर राउटर कुठे कलला ते बोट ठेवून दाखवता येईल. त्या जागी तुमचे पाय कुठे होते आणि आतला हात दाबत होता की नाही, ते आठवा आणि पुन्हा एक फेरी मारा.